परक्यांनी मारलेल्यांची स्मारकं आहेत, आपसात मेलेल्यांचं काय?

पांझराकाठ

खान्देशात स्मारकं कमी नाहीत. नंदुरबारला शिरीषकुमारचं हुतात्मा स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२. 'भारत छोडो'ला महिना झालेला, झेंडा घेऊन पोरांची मिरवणूक निघाली आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्याम दास. तिकडच्या शाळकरी पोरांना ही पाच नावं पाठ असतात. तळोदा तालुक्यात रावलापाणी आहे. संत गुलाम महाराजांच्या आप धर्माच्या आदिवासी भाविकांवर २ मार्च १९४३ ला जिथे गोळीबार झाला, ती जागा.

या दोन्ही ठिकाणी हुकूम देणारं सरकार १९४७ ला निघून गेलं. त्याची नातवंडं आपल्या गल्लीत राहत नाहीत. आपल्या पोरांसोबत शाळेत बसत नाहीत. त्यामुळे तिथे पाटी लावताना समोरच्या घरात कुणाचे डोळे खाली जात नाहीत.

आता धुळ्याकडे पाहा. ऑक्टोबर २००८ ची दंगल. मग ६ जानेवारी २०१३, मच्छीबाजार. हॉटेलच्या बिलावरून सुरू झालेलं भांडण, दगडफेक, जाळपोळ आणि पोलिसांच्या गोळीबारात गेलेले सहा तरुण. साक्री तालुक्यात राईनपाडा, १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरली आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. या दिवसांची आठवण घराघरात आहे, चौकात नाही.

मला मनापासून वाटतं की अशा ठिकाणीही काहीतरी उभं राहिलं पाहिजे. पण ज्यांनी भोगलं त्यांना त्याने बरं वाटेल की पुन्हा खपली निघेल, आणि दोन्ही बाजूंची माणसं त्याने जवळ येतील की आणखी लांब जातील, याचा विचार आधी व्हायला हवा. म्हणून हा धागा. एक विनंती आहे: कोणी सुरू केलं, कोणाचे किती गेले, हा हिशोब इथे मांडू नका.

केळीबाग

भाऊ, तुमची तळमळ कळते, पण मी विरोधात आहे.

एका दंगलीत आमचं दुकान जळालं. गाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. दुकान पुन्हा बांधलं. आज ज्या होलसेलवाल्याकडून माल घेतो, त्याचा पुतण्या त्या रात्री समोरच्या जमावात होता. मला ते माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. आम्ही चहा घेतो, उधारी चालते, त्याच्या घरच्या लग्नाला मी गेलो. हे सगळं टिकलंय ते आम्ही दोघं त्या रात्रीबद्दल बोलत नाही म्हणून.

तिथे पाटी लावलीत की दरवर्षी ती तारीख येणार. तारीख आली की हार येणार, पुढारी येणार, भाषण येणार, मागोमाग बंदोबस्त. आठ दिवस आधीपासून गल्लीतल्या बाया पोरांना संध्याकाळी बाहेर पाठवणार नाहीत. वर्षाचे बाकीचे दिवस आम्ही जे जपतो ते त्या एका दिवशी जाईल. लोक विसरून जगतात ते भित्रे म्हणून नाही, त्यांना त्याच गल्लीत राहायचं असतं म्हणून.

सातपुड्याची लेक

रावलापाणीचा उल्लेख आला म्हणून लिहिते. आम्ही त्याच भागातले.

गुलाम महाराजांचं काम काय होतं ते बाहेर फार कमी जणांना ठाऊक आहे. दारू सोडा, स्वच्छ राहा, आरतीला एकत्र या, भेटलात की 'आप की जय' म्हणा. एवढंच. पण हजारो भिल्ल एका जागी शिस्तीने जमतात याचीच सरकारला आणि सावकारांना भीती वाटली. १९३८ ला महाराज गेले, पुढे रामदास महाराजांनी ते काम चालवलं आणि १९४३ ला हा गोळीबार झाला. नाल्याच्या बाजूच्या दगडांवर गोळ्यांच्या खुणा अजून दाखवतात. आमच्या लेखी स्मारक म्हणजे तो दगड. बांधकाम नंतरचं.

पांझराकाठ दादा, तुमच्या मांडणीत एक गोष्ट मात्र सुटली. हुकूम साहेबाचा असेल, पण त्या काळच्या पोलिसांत शिपाई बहुतेक देशीच होते. बंदूक धरणारे हातही इकडचेच. त्यांचीही नातवंडं कुठेतरी असतीलच. आपण सगळा दोष गोऱ्या साहेबाच्या खाती टाकला म्हणून ते स्मारक सगळ्यांना सोपं गेलं. सावकार, जमीन, आमच्या माणसांना कोण माणूस समजत होतं आणि कोण नाही, हे त्या पाटीवर आलं असतं तर तिथे हार घालायला किती जण आले असते?

आमच्या समाजात काही भागांत अपघाताने किंवा मारामारीत गेलेल्या माणसासाठी कोरीव दगड नाहीतर लाकडी खांब उभा करतात. तो उभा होईपर्यंत मेलेला माणूस भटकत राहतो असं म्हातारी माणसं सांगतात. तो दगड कोणाचा अपमान करायला नसतो. मेलेल्याला जागा मिळावी म्हणून असतो. केळीबाग दादा, तुम्हाला ज्या पाटीची भीती वाटते ती वेगळी आणि हा दगड वेगळा, असं मला वाटतं.

किगालीहून चोपडेकर

मूळ चोपडा. कामानिमित्त काही वर्षं रवांडात आहे. इथे जे दिसतं ते सांगतो.

१९९४ च्या एप्रिलपासून साधारण शंभर दिवसांत इथे आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. बहुतेक तुत्सी जमातीतले, आणि मारण्यात सामील न झालेले काही हुतू जमातीतलेही. मारणारे शेजारी होते, शिक्षक होते, काही ठिकाणी चर्चमधले लोक होते. किगालीत गिसोझीच्या टेकडीवर जे स्मारक आहे तिथे २,५०,००० हून अधिक मृतांचे अवशेष पुरलेले आहेत. न्यामाटाच्या चर्चमध्ये मृतांचे कपडे बाकांवर ठेवलेत. मुरांबीला एक शाळा होती, तिथल्या वर्गांत चुन्यात जतन केलेली प्रेतं ठेवलेली होती. तिथून परत आलात की दोन दिवस जेवण जात नाही.

ते असं उघडं ठेवावं का, यावर वाचलेल्यांचंही एकमत नाही. कोणी म्हणतात, 'हे दिसलं नाही तर उद्या लोक म्हणतील असं घडलंच नाही.' कोणी म्हणतात, 'माझी आई तिथे असेल. तिला मातीत जाऊ द्या.' दोघंही आपल्या जागी खरे आहेत आणि बाहेरच्या कुणी त्यावर निकाल देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

दरवर्षी ७ एप्रिलला दुखवटा सुरू होतो. त्या आठवड्यात साक्ष ऐकताना माणसं किंचाळतात, पळत सुटतात, जमिनीवर पडतात. त्यांना बाजूला नेऊन धीर द्यायला शिकवलेली माणसं मैदानात उभी असतात. म्हणजे केळीबाग म्हणतात ती खपली खरोखर निघते, ती निघणार हे धरूनच इथे तयारी केलेली असते. आपल्याकडे पुतळ्याचं टेंडर निघतं, पण उद्घाटनाला समोर बसलेल्या विधवेचं काय होईल याची तयारी कोणी करत नाही.

आणखी एक. इथे नुसतं स्मारक उभं करून काम संपलं नाही. २०१२ पर्यंत गावोगाव झाडाखाली गचाचा न्यायालयं भरत होती. मारेकरी उभा राहून सांगायचा, कोणाला मारलं, प्रेत कुठे टाकलं. त्यातूनच कितीतरी जणांना आपल्या माणसाची हाडं सापडली आणि ती स्मारकात आणून पुरता आली. त्या न्यायालयांवर टीकाही खूप झाली: खोट्या तक्रारी झाल्या, घाईत निकाल लागले, जिंकलेल्या, तुत्सींच्या नेतृत्वाखालच्या सैन्याने केलेल्या हत्यांची सुनावणी तिथे झालीच नाही. त्या सैन्याने मारलेल्यांची घरं एप्रिलमध्ये गप्प असतात. सगळा देश रडत असतो आणि त्यांना आपल्या माणसासाठी रडायला तारीख नाही. समेट अडतो तो तिथे.

आखाजी

मी एरवी नुसती वाचते. आज लिहिते.

माझा मामेभाऊ एका दंगलीत गेला. मामी कधी सभेला गेली नाही, कोणाला मुलाखत दिली नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे पितरांची घागर भरतात, निखाऱ्यावर नैवेद्याची आगारी टाकतात, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मामी त्याच्या नावाची घागर भरते. सांजोरी, आंब्याचा रस, सगळं करते. पोरगं लग्नाचं होतं, त्याची घागर आईने भरावी हे काही बरोबर नाही, पण ती भरते.

तिला कोणी विचारलं की इथे दगड बसवायचा का, तर ती काय म्हणेल ते मला माहीत आहे. कारण ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत आलीये. 'मना पोऱ्या दंगा कराले नई गयथा, दूध लेवाले गयथा. तेवढं लिखा.' कागदावर कुठेच ते लिहिलेलं नाही. मदतीचा चेक आला, त्यावर रक्कम होती. पेपरात आकडा आला, त्या आकड्यात तो होता. तो दूध आणायला गेला होता हे फक्त मामीला आणि दूधवाल्याला माहीत आहे.

केळीबाग भाऊ, तुमच्या आणि त्या होलसेलवाल्याच्या न बोलण्याचा मला राग नाही. पण तुमचं दुकान पुन्हा बांधता आलं.

वाघूर

वरच्या प्रतिसादानंतर लिहिणं अवघड आहे. तरी ज्या विषयाचं वर्षानुवर्षं वाचतोय त्यातलं दोन-तीन ठिकाणांचं सांगतो, कारण आपला प्रश्न जगात आधी काही लोकांना पडलेला आहे.

बोस्नियात स्रेब्रेनित्सा. जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे बोस्नियन सर्ब सैन्याकडून मारले गेले. मारणाऱ्यांनी नंतर यंत्रं लावून सामूहिक कबरी उकरल्या आणि प्रेतं दुसरीकडे नेऊन पुरली, म्हणजे पुरावा राहू नये. त्यामुळे एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या जागी सापडली. तिथून जवळच्या पोतोचारीच्या स्मारकात दर ११ जुलैला डीएनएवरून ओळख पटलेल्यांचं दफन होतं. काही आयांनी पोराची दोन-चार हाडं पुरली आणि काही वर्षांनी आणखी सापडली म्हणून तीच कबर पुन्हा उघडली. तरीही त्या म्हणतात, निदान बसायला जागा आहे. तिकडच्या बायकांना स्मारकाचा आधार वाटतो तो असा. दगडाची उंची किती, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही.

पण समेट? पोतोचारी ज्या भागात आहे तिथल्या सर्ब सत्ताधाऱ्यांनी तो वंशसंहार होता हेच नाकारलंय. स्मारकाची जागासुद्धा आंतरराष्ट्रीय प्रतिनिधीच्या आदेशाने राखून ठेवावी लागली. म्हणजे स्मारक उभं आहे, शेजारी मात्र मान्य करत नाही. त्याच देशात ओमार्स्काच्या लोखंडाच्या खाणीत १९९२ ला छळछावणी होती. ती खाण २००४ मध्ये मित्तल स्टीलकडे आली. पुढच्या वर्षी कंपनीने तिथे स्मारकाला होकार दिला आणि स्थानिक विरोधात ते अडकलं. जिथे माणसं मेली तिथे पुन्हा ट्रक भरले जाऊ लागले.

दुसरं हिरोशिमा. बॉम्ब पडला तेव्हा तिथे हजारो कोरियन होते, कित्येक जण मजुरीसाठी जबरदस्तीने आणलेले. त्यांच्यासाठीचा स्तंभ १९७० ला उभा राहिला तो शांतता उद्यानाच्या बाहेर. आत यायला १९९९ उजाडलं. म्हणजे स्वतः इतकं भोगलेल्या शहरालाही आपल्यातल्या परक्यांचे मृत आत घ्यायला जवळपास तीस वर्षं लागली. पण घेतले. मला या गोष्टीतून आशा वाटते. स्मारकाची हद्द सरकवता येते.

तिसरं पेरूची राजधानी लिमा. तिथे बंडखोर आणि सैन्य यांच्यातल्या हिंसेत मेलेल्यांसाठी २००५ साली साध्या गोट्यांचं चक्रव्यूहासारखं स्मारक झालं. प्रत्येक गोट्यावर एका मृताचं नाव, मध्ये एका मोठ्या दगडातून पाणी झिरपतं. नंतर लोकांना कळलं की त्यात तुरुंगात सैन्य-पोलिसांनी मारलेल्या बंडखोर कैद्यांचीही नावं आहेत. प्रचंड वाद झाला, २००७ मध्ये स्मारकाची मोडतोड झाली, रंग फेकला गेला. खून करणाऱ्या संघटनेचा माणूस जर स्वतः बेकायदा मारला गेला, तर त्याचं नाव बळींमध्ये लिहायचं का? धुळ्यात किंवा कुठेही नावं लिहायला बसलात की पहिल्याच दिवशी हा प्रश्न समोर येईल. त्याचं उत्तर शोधायची तयारी नसेल तर नावांच्या भानगडीत पडू नये.

केळीबाग

आखाजी ताई, तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मी दुकानाची आणि तुमच्या भावाची तुलना करणार नाही.

पण पाटी नको हे मत अजून तसंच आहे. मामींचं म्हणणं लिहून ठेवलं पाहिजे हे पटलं. ते चौकात लिहायचं की आणखी कुठे, यावर बोलू.

पिंपळनेरचा वाटसरू

राईनपाड्याबद्दल इथे कोणी फार बोललं नाही म्हणून लिहितो. आम्ही त्याच पट्ट्यातले, बाजाराला जाणारे.

दंगलीत दोन बाजू असतात. इथे दुसरी बाजूच नव्हती. ती पाच माणसं लांबून भटकत आलेली, त्यातली बरीचशी सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढ्याकडची. त्यांना ओढत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे मारलं. ज्या कार्यालयात आपण घरपट्टी भरतो आणि दाखले काढतो, त्या कार्यालयात. मारणारे कुठून आकाशातून पडले नव्हते. बाजाराला आलेली साधी माणसं, आम्ही ज्यांच्याकडून भाजी घेतो, ज्यांना 'राम राम' घालतो ती. नंतर धरपकड झाली, घरं रिकामी झाली, त्या घरांतल्या बायकापोरांचेही हाल झाले. तेही मी पाहिलं.

आता तिथे दगड लावायचा तर तो कोणासाठी? मेलेल्यांच्या घरच्यांसाठी म्हणावं तर ती माणसं इतक्या लांब या रस्त्याला पुन्हा कशाला येतील? त्यांचा दगड त्यांच्या गावात, त्यांना हवा तसा व्हावा. आमच्या बाजूला जे काही होईल ते आमच्यासाठी असेल. ते आम्ही मागितलं पाहिजे. सरकारने वरून आणून बसवलं तर लोक त्याला गावाची बदनामी म्हणतील आणि एका रात्रीत ते फुटेल. शंभर टक्के फुटेल.

माझ्या मनात वेगळंच आहे. नाथपंथी डवरी, गोंधळी, बहुरूपी अशी भटकी माणसं आजही या रस्त्याने येतात. आल्यावर पोलीस ठाण्यात नोंद करतात, आधार कार्ड दाखवत फिरतात. आमच्या बाजाराच्या गावांनी त्यांना थांबायला एक शेड, पाण्याचा नळ, रात्रीचा दिवा द्यावा. शेडवर पाच नावं आणि तारीख, घरच्यांनी परवानगी दिली तर. बाकी काही लिहू नये. तिथे भटका माणूस न घाबरता झोपला तर ते स्मारक.

सातपुड्याची लेक

वाटसरू दादा, ही शेडची गोष्ट मला फार पटली. तिचं उद्घाटन मात्र करू नका.

पांझराकाठ

सगळ्यांचं वाचलं. माझं मत बदललंय असं नाही, पण नेमकं झालंय.

चौकातल्या मोठ्या बांधकामाबद्दल केळीबागांची भीती मला खरी वाटते. जालियनवाला बागेचंच घ्या. १३ एप्रिल १९१९ ची ती जागा, गोळ्यांच्या खुणांची भिंत, ती अरुंद गल्ली. २०२१ च्या नूतनीकरणात त्या गल्लीत शिल्पं बसवली, ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम आला आणि मृतांच्या काही वंशजांनी, इतिहासकारांनी कळवळून विरोध केला. परक्याने मारलेल्यांच्या जागेचं शंभर वर्षांनी हे होतं, तर ताज्या जखमेच्या जागेचं काय होईल?

उलट भोपाळचं एक उदाहरण मला जवळचं वाटतं. ती हिंसा वेगळ्या जातीची, पण वाचलेल्यांनी काय केलं ते बघा. २०१४ मध्ये त्यांनी सरकारचा किंवा कंपनीचा पैसा न घेता स्वतःचं छोटं संग्रहालय काढलं. मेलेल्यांच्या वापरातल्या साध्या वस्तू आणि सोबत घरच्यांच्या आवाजातल्या आठवणी. कोणाचा फ्रॉक, कोणाचं स्वेटर. काय ठेवायचं ते त्यांनी ठरवलं.

जर्मनीतले पितळी ठोकळेही असेच. नाझींनी ज्यांना घरातून उचललं त्यांच्या शेवटच्या घरासमोर फुटपाथमध्ये हाताच्या पंजाएवढा ठोकळा, त्यावर नाव, जन्मसाल, काय झालं ते. युरोपभर असे १,००,००० हून अधिक बसलेत. तरीही म्युनिक शहराने सार्वजनिक फुटपाथवर ते बसवू दिले नाहीत, आणि तिथल्या ज्यू समाजाच्या वाचलेल्या अध्यक्षबाईंचाच विरोध होता. आमच्या माणसांच्या नावावर पुन्हा कोणाचा पाय नको, असं त्यांचं म्हणणं. शहराने ते ऐकलं आणि भिंतीवर, खांबावर पाट्या लावायचा पर्याय काढला. विरोध करणारी वाचलेली बाई ऐकली गेली, हे मला त्या ठोकळ्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

तर माझा प्रस्ताव असा. चौक नको, पाटी नको, तारीख नको. शहरातल्या एखाद्या जुन्या वाचनालयात एक वही किंवा कपाट. ज्या घरातलं कोणी गेलं, कोणत्याही बाजूचं, पोलिसांतलंही, त्या घराने येऊन स्वतःच्या शब्दांत एक पान लिहावं. लिहिता येत नसेल तर सांगावं, अहिराणीत, उर्दूत, मराठीत, कशातही. कोण दूध आणायला गेलं होतं, कोण कामावरून परतत होतं. 'शहीद', 'दंगेखोर' हे शब्द आम्ही आमच्याकडून घालायचे नाहीत. दोन्ही बाजूंची पानं एकाच वहीत, ज्या क्रमाने लोक येतील त्या क्रमाने. वाघूर म्हणाले तो लिमाचा प्रश्न इथेही येईल: कोणाच्या पानावर कोणाचा आक्षेप. तेव्हा आक्षेपवाल्यानेही पान लिहावं. पान फाडायचं नाही.

वाघूर

'ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने' हे नीट सांभाळा. नंतर कोणीतरी अनुक्रमणिका करायला निघेल आणि धर्मानुसार भाग पाडेल.

किगालीहून चोपडेकर

लिहून घ्यायला बसणाऱ्या माणसांची तयारी करून घ्या. पहिल्या तासात सांगणारा कोसळतो आणि ऐकणारा दुसऱ्या आठवड्यात. जळगाव-धुळ्यात मानसोपचाराचं काम करणारे डॉक्टर आहेत, एकाला तरी सोबत घ्या. आणि एका दिवसात एकाच घराशी बोला.

केळीबाग

वहीला माझी हरकत नाही. माझ्या त्या माणसाला विचारून बघतो. तो लिहील असं नाही. पण विचारलं म्हणून उधारी बंद करणार नाही, एवढी आमची ओळख आहे.

एक अट घाला. घरच्यांनी सांगितलं तर पान बंद पाकिटात ठेवायची सोय पाहिजे, पंचवीस-तीस वर्षांनी उघडायची. ज्यांच्या समोरच्याच घरात मारेकरी राहतो त्यांना आज नाव लिहिणं जमणार नाही.

आखाजी

मामीला आज फोनवर विचारलं. सगळं सांगितलं, वही, वाचनालय, पाकीट. ती म्हणाली, पाकीट नको, उघडं ठेवा. मग विचारलं, दुसऱ्या बाजूच्या आईचं पान त्याच वहीत असेल तर चालेल का. बराच वेळ बोलली नाही. नंतर म्हणाली, 'तिना बी पोऱ्याच व्हता ना. पण मना पानले चिटकाडी लावू नका, मधमा एक कोरं पान सोडा.'

पांझराकाठ दादा, मधे एक कोरं पान सोडायचं, एवढं तुमच्या प्रस्तावात घाला. मी लिहून घ्यायला येईन.